अंध व्यक्तीला वाट दाखवणारा रोबो : ओढणारा करावा की नुसता वळवणारा? (सोलापूर, फायनल इयर प्रोजेक्ट)

ईएनटीसी_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल आणि ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) चार मुलांचा प्रोजेक्ट आहे : अंध व्यक्तीच्या पुढे चालून तिला वाट दाखवणारा रोबो. बजेट ६० हजार, मुदत मार्चअखेर.

सध्याचा आराखडा असा. होव्हरबोर्डच्या ६.५ इंची हब मोटर (चाकातच बसवलेल्या) दोन, मागे एक कॅस्टर. पुढे २० सेंमी उंचीवर आरपीलायडार ए१ (लेसरने अंतर मोजणारा), ७५ सेंमीवर रिअलसेन्स डी४३५आय (अंतर मोजणारा डेप्थ कॅमेरा), शिवाय चार एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकावर (पुढे नुसता 'पाय') रॉस २ हे रोबोचं सॉफ्टवेअर आणि वाट ठरवणारं नॅव्ह२. माणसाच्या हातात रोबोला बांधलेला पट्टा. आधी कॉलेजचा कॉरिडॉर, मग पार्किंग ते मेन गेट, आणि जमलंच तर पार्क चौक ते नवी पेठ.

अडलेल्या गोष्टी :

१) रोबो खांबाशेजारून बरोबर निघतो, पण मागच्या माणसाचा उजवा खांदा खांबाला लागतो.
२) उघडं चेंबर ३ मीटरवरून ओळखायचं आहे, ते जमत नाही. उलट व्हीलचेअरचा रॅम्प मात्र खड्डा समजून रोबो थांबतो.
३) मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर जातो. अल्ट्रासॉनिकला तापमानाची दुरुस्ती लावावी का?
४) सूचना मराठीत बोलून द्यायच्या आहेत. कोणतं स्पीच इंजिन चांगलं?

जाणकारांनी सांगावं. आराखडा मोडून काढलात तरी चालेल, अजून वेल्डिंग झालेलं नाही.

बेअरिंग_अण्णा

सर, वेल्डिंग झालं नाही हे बरं झालं. हब मोटर काढून टाका.

कारण साधं आहे. मोटरवाला रोबो माणसाला ओढतो, म्हणजे वेग रोबो ठरवतो. प्रोग्रॅम लटकला तर मोटर शेवटच्या वेगाने फिरत राहते आणि डोळे नसलेला माणूस मागे फरपटतो. वर एकेक हब मोटर सुमारे अडीच किलोची. तिला पुरेल अशी बॅटरी, कंट्रोलर, फ्रेम धरली तर १५ किलोच्या खाली उतरत नाही. एसटीच्या पायऱ्या चढताना ते कोण उचलणार? एका हातात काठी असते, विसरू नका. आणखी एक, त्या मोटरमधल्या हॉल सेन्सरवर एका फेऱ्याला ९० च पायऱ्या मिळतात. चाकाचा घेर साधारण ५३ सेंमी, म्हणजे एक पायरी जवळपास ६ मिमीची. हळू चालताना वेग कसा मोजणार त्यावर?

दुसरा मार्ग जुना आहे आणि चांगला आहे. १९९० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात योहान बोरेनस्टाइन आणि इव्हान उलरिख यांनी गाइडकेन नावाचं यंत्र केलं. पुढे दोन चाकं, त्यावर लांब दांडा, दहा अल्ट्रासॉनिक सेन्सर. चाकं फिरवायला मोटर नाहीच. माणूस ढकलतो, आणि अडथळा आला की सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर) चाकांचा आस वळवतो. दांड्यातून ते वळण थेट हाताला कळतं. अलीकडचं ग्लाइड हे अमेरिकन यंत्रही याच तत्त्वावर आहे : ढकलणं माणसाचं, वळवणं आणि ब्रेक यंत्राचा. वेग, थांबणं, निघणं माणसाच्या हातात राहतं. तुमच्या बजेटात आणि मुदतीत हेच बसतं.

मांडणी अशी करा. २०० मिमी व्यासाची दोन स्कूटर-चाकं, दोघांत २८ सेंमी अंतर. बेअरिंग ६०८, पण दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या, म्हणजे २आरएस. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड आपल्या धुळीत लवकर खरखरायला लागतं. आस दांड्याखाली थ्रस्ट बेअरिंगवर (उभं वजन पेलणाऱ्या) बसवा, सर्व्होच्या दांडीवर वजन अजिबात येऊ देऊ नका. सर्व्हो २५ किलो-सेंमीचा मेटल गिअरवाला. एमजी९९६आर दहाएक किलो-सेंमीचा असतो, तो भरल्या वजनाखाली सतत थरथरतो आणि ती थरथर मुठीत येते. सर्व्हो आणि आस यांच्यामधल्या लिंकमध्ये एक स्प्रिंग टाका. चाक फरशीच्या कडेला आपटलं की झटका स्प्रिंग खाते, नाहीतर सर्व्होच्या टोकाच्या हॉर्नचे दाते सोलवटतात. वळण दोन्ही बाजूंना ३५ अंशांपर्यंत, आणि सेकंदाला ६० अंशांपेक्षा वेगाने वळू देऊ नका, मनगट पिळतं.

सर्व्होला वीज वेगळ्या ६ व्होल्ट, ५ अँपिअरच्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणाऱ्या). पायच्या ५ व्होल्ट पिनेवरून दिलीत तर सर्व्हो अडला की व्होल्टेज कोसळतं आणि पाय रीस्टार्ट होतो. ग्राउंड मात्र एकत्र हवा.

आता ब्रेक. यात सगळे चुकतात. ब्रेक नेहमी लागलेला असावा आणि विजेने उघडा धरावा, हे सगळ्यांना पाठ असतं. मग त्यासाठी सर्व्हो वापरतात. वीज गेली तरी मेटल गिअरचा सर्व्हो घर्षणाने आहे तिथेच अडकून राहतो, स्प्रिंग त्याला मागे फिरवू शकत नाही, ब्रेक उघडाच! १२ व्होल्टचं धरून ठेवणारं इलेक्ट्रोमॅग्नेट वापरा. वीज गेली की ते सुटलं आणि स्प्रिंगने रबरी पॅड चाकावर दाबला. स्प्रिंग आणि रबरी पॅडच्या मध्ये मऊ बुश टाका म्हणजे पकड एकदम बसत नाही.

मॅग्नेटचा ताबा पायकडे देऊ नका. वेगळा छोटा कंट्रोलर ठेवा, ईएसपी३२ पुरे. पायने दर ५० मिलिसेकंदांनी 'जिवंत आहे' असा इशारा द्यायचा, आणि तोही नवी डेप्थ फ्रेम आली असेल तरच. २०० मिलिसेकंद इशारा आला नाही की ईएसपी मॅग्नेट सोडून देतो. मुठीखाली एक साधा मेकॅनिकल स्विच, हात सुटला की तोच परिणाम. टचवाला सेन्सर नको, घामेजल्या हाताने आणि पावसात तो वेड्यासारखा वागतो.

चाकांवर एएस५६०० मॅग्नेटिक एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारी चिप) लावा, फेऱ्याला ४०९६ पायऱ्या. फक्त एक गंमत लक्षात ठेवा : दोन्ही चिपांचा आयटूसी पत्ता (सामाईक तारांवरची ओळख) एकच असतो आणि बदलता येत नाही. त्या तारांच्या एका जोडीवर, म्हणजे एका बसवर, दोन लावल्या की दोन्ही बिघडल्यासारख्या दिसतात. दुसरी चिप वेगळ्या बसवर घ्या किंवा मध्ये टीसीए९५४८ए ही बस वाटून देणारी चिप टाका.

खांद्याचं उत्तर डेप्थ_मॅप देतील, तो त्यांचा प्रांत.

डेप्थ_मॅप

खांदा आपटतो कारण नॅव्ह२ ला माणूस आहे हेच माहीत नाही. फूटप्रिंट (जमिनीवर व्यापलेल्या जागेची आकृती) फक्त रोबोचा दिलाय. माणूस रोबोच्या उजव्या अंगाला, पाऊलभर मागे चालतो. म्हणून आकृती तिरकी, एका बाजूला झुकलेली हवी. रोबोचा मध्य शून्य धरला तर पुढे ०.३ मीटर, मागे ०.८, डावीकडे ०.२ आणि उजवीकडे ०.७. एकूण रुंदी ९० सेंमी. इन्फ्लेशनची (अडथळ्याभोवती राखलेल्या अंतराची) त्रिज्या वाढवून हे साधत नाही, ती दोन्ही बाजूंना सारखी वाढते आणि मग रोबो दारातूनसुद्धा जात नाही. ९० सेंमीची फट नसेल तर 'वाट नाही' असं सांगून थांबणं हेच बरोबर उत्तर आहे. आणि पट्टा टाकून द्या. पट्ट्याने माणूस नेमका कुठे आहे हे रोबोला कळत नाही, मग फूटप्रिंट काढणार कशाचा? ताठ दांडा हवा.

आता चेंबर. ३ मीटरचा हट्ट सोडा, गणित बघा. कॅमेरा ७५ सेंमीवर. खड्ड्याच्या अलीकडच्या काठावरून जाणारी नजर पलीकडच्या भिंतीवर किती खाली पोचते, तेवढीच खोली कॅमेऱ्याला दिसते. खड्डा ३० सेंमी रुंद धरू. तो ३ मीटरवर असेल तर ७.५ सेंमी खोली दिसेल, २ मीटरवर ११ सेंमी, ०.९ मीटरवर २५ सेंमी. या कॅमेऱ्याची डेप्थमधली चूक २ मीटरवर २ टक्क्यांच्या आत, म्हणजे ४ सेंमीपर्यंत असते आणि स्टिरिओमध्ये (दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात) ती अंतराच्या वर्गाने वाढते. ३ मीटरवर ती ९ सेंमी झाली. दिसणाऱ्या खोलीपेक्षा चूक मोठी! तिथे कुठलंही मॉडेल शिकवलंत तरी ते अंदाज बांधणार.

मग किती लांबून ओळखलं पाहिजे? फ्रेम, प्रोसेसिंग, खात्रीसाठी सलग तीन फ्रेम आणि मॅग्नेट सुटणं मिळून सुमारे ०.३ सेकंद. ०.८ मीटर प्रति सेकंद चालीला तेवढ्यात २४ सेंमी जातात. मग १ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने थांबायला ३२ सेंमी. एकूण ५६. वर ३०-३५ सेंमी राखीव धरा, म्हणजे ०.९ मीटर. तिथे तर खड्डा ढळढळीत दिसतोय. १.२ च्या चालीला मात्र नुसतं थांबायलाच १.०८ मीटर लागतात, म्हणून माणूस वेगात असेल तर मुठीतून आधीच 'हळू' सांगायचं.

कॅमेरा २५ अंश खाली झुकवा. उभी दृष्टी ५८ अंशांची आहे, म्हणजे खालची कड ५४ अंशांवर जाते आणि जमीन ५५ सेंमीपासून पुढे दिसते. वरची कड आडव्या रेषेच्या फक्त ४ अंश वर राहते. दोन मीटरवर ती ८९ सेंमी उंचीला पोचते. थोडक्यात, छातीच्या वरचं काहीही या कॅमेऱ्याला दिसत नाही. टपरीच्या पत्र्याचा कोपरा, ट्रकची मागची फळी, झाडाची फांदी, सगळं निसटतं. त्यासाठी दांड्यावर ९५ सेंमी उंचीला एक अल्ट्रासॉनिक ३५ अंश वर बघणारा लावा. त्याचा कोन दोन्हीकडे १५ अंश धरला तर एक मीटरवर साधारण १.३ ते २.१ मीटर उंचीची पट्टी झाकली जाते. कपाळ वाचतं.

रॅम्प खड्डा वाटतो कारण तुम्ही जमिनीची एक सपाट पातळी धरून तिच्याखालचं सगळं मोजताय. १:१२ चा रॅम्प एका मीटरला ८ सेंमी उतरतो. तुमचा थ्रेशोल्ड (खड्डा म्हणायची मर्यादा) त्याच्याच आसपास असणार. ५ सेंमीच्या चौकटी करा आणि शेजारच्या दोन चौकटींतला फरक बघा. रॅम्पवर तो अर्धा सेंमीसुद्धा नसतो, पायरीवर १५ सेंमी असतो. पुरेशा चौकटींत ६ सेंमींपेक्षा मोठी उडी सलग तीन फ्रेममध्ये दिसली तर ब्रेक. कॅमेऱ्याचा झुकाव आयएमयूवरून (कॅमेऱ्यातल्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरवरून) दर फ्रेमला काढा. दांडा माणसाच्या हातात आहे, तो वर-खाली होणारच, स्थिर धरून चालू नका.

आणि ज्या चौकटीत डेटाच नाही ती खड्डा समजायची. पावसाच्या डबक्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं, कॅमेऱ्याला तिथे विहीर दिसते किंवा काहीच दिसत नाही. थांबणं बरोबरच आहे, डबक्याखाली झाकण नसलेलं चेंबर असू शकतं. पण असे खोटे थांबे वाढले की माणूस यंत्रावरचा विश्वास सोडतो, म्हणून उपाय वाट वळवण्याचा ठेवा.

आरपीलायडार ए१ कॉरिडॉरपुरता ठीक. थेट उन्हात तो आंधळा होतो, आणि २० सेंमी उंचीवर त्याला हातगाडीची फक्त चाकं दिसतात. गाडीची फळी मांडीला लागते ती त्याच्या गावीही नसते. पैसे वाचवायचे असतील तर लायडार काढा, कॅमेरा ठेवा. कॅमेऱ्याची यूएसबी केबल मात्र स्क्रूने घट्ट होणारी, आणि यूएसबी ३ चीच. यूएसबी २ ची निघाली तर फ्रेमरेट गुपचूप उतरतो आणि वरचं ०.३ सेकंदाचं गणित कोसळतं.

तापमान : दुरुस्ती नको. कोडमध्ये ध्वनीचा वेग ३४३ धरलेला असतो, ४२ अंशांना तो सुमारे ३५७ होतो. दोन मीटरवरची वस्तू १.९२ वर दिसेल. चूक सुरक्षित बाजूला आहे, सोडून द्या. अल्ट्रासॉनिकचा खरा त्रास वेगळाच. तिरक्या उभ्या कारवरून आवाज भलतीकडे परावर्तित होतो. चाटी गल्लीत दुकानाबाहेर लटकवलेल्या चादरी आणि साड्या तो पिऊन टाकतात, परत काहीच येत नाही. मंडपाचे दोर तर त्याला दिसतच नाहीत. सेन्सर एकाच वेळी वाजवू नका, एकाचा प्रतिध्वनी दुसरा ऐकतो. दोघांत ६० मिलिसेकंद ठेवा. एचसी-एसआर०४ ची इको पिन ५ व्होल्ट देते, पायला ३.३ च चालतात. १ आणि २ किलोओहमचा डिव्हायडर लावा.

पांढरी_काठी

तिन्ही पोस्ट स्क्रीनरीडरवर दोनदा ऐकल्या. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो : बोलू नका.

चालताना कान मोकळा लागतो. सात रस्त्याला कोणत्या बाजूची गाडी सुटली, रिक्षा रिव्हर्स घेतेय का, डावीकडची भिंत संपून बोळ आला का, हे सगळं कानावर चालतं. त्यात यंत्र 'पुढे दोन मीटरवर अडथळा आहे' म्हणून वाक्य पुरं करेपर्यंत दीड मीटर संपलेला असतो. हेडफोन तर अजिबात नको, द्यायचेच तर हाडातून ऐकू येणारे. बोलणं फक्त थांबल्यावर, तेही बटण दाबलं तरच : कुठे आहे, का थांबलो. एवढ्यासाठी ईस्पीक एनजी मराठी पुरेसं आहे. आवाज पत्र्याचा, पण इंटरनेट लागत नाही आणि लगेच बोलतं. आम्हाला त्या आवाजाची सवय असते, डोळस लोकांनाच तो खटकतो.

मुठीत दोन कंपन-मोटर, डावी आणि उजवी. चारपेक्षा जास्त इशारे नकोत : डावीकडे वळतोय, उजवीकडे वळतोय, हळू, थांब. वळण दांड्यातून कळतंच, कंपन त्याच्या अर्धा सेकंद आधी यावं म्हणजे पाऊल तयार राहतं. मोटर थेट पायच्या पिनेला जोडू नका, ७०-८० मिलिअँपिअर घेतात त्या. ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड टाका. आणि मूठ दांड्यापासून रबराने वेगळी करा. पेव्हर ब्लॉकवर दांडाच इतका थरथरतो की मोटरचं कंपन त्यात हरवून जातं.

अण्णा, तुमची स्कूटर-चाकं कडक पीयूची (पॉलियुरेथेनची) असणार. पेव्हरवर ती खडखडत जातात आणि तो आवाज माझ्या वाटेवरचे सगळे आवाज खातो. रबरी चाक बघा. पायवर पंखा लावणार असाल तर तोही हळू आवाजाचा.

दांडा पोटासमोर नको. यंत्राने अचानक ब्रेक मारला की दांडा बरगडीत घुसतो, काठी फटीत अडकल्यावर घुसते तसाच. मूठ डाव्या हाताला, कमरेच्या बाजूला. उजव्या हातात काठी राहील.

हो, काठी राहील. यंत्र आलं म्हणून काठी घरी ठेवा असं कोणी सांगितलं तर ते यंत्र घेऊ नये. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन २०१४ मध्ये आली, तिचा विचार मला पटतो : काठी तशीच ठेवली आणि वर गुडघ्याच्या वरचं सांगणारा अल्ट्रासॉनिक बसवला, घरात १.८ मीटर आणि बाहेर ३ मीटरचा पल्ला. जमिनीचं काम काठीच करते. तुमच्या यंत्रात दोन्ही हात गुंततात. मग छत्री, पिशवी, तिकिटाचे पैसे? दांड्यावर एक हुक आणि उभं करून ठेवायला स्टँड द्या. बारीक गोष्ट वाटेल, पण यंत्र वापरात राहतं की कोपऱ्यात पडतं ते अशाच गोष्टींवर ठरतं.

ईएनटीसी_सोलापूर

सगळ्यांचे आभार, मुलांनी हब मोटरची ऑर्डर रद्द केली. दोन शंका. मोटर नाही म्हटल्यावर परीक्षक विचारतील, यात रोबो कुठे आहे? आणि रस्ता ओलांडण्याचं काय करायचं? सिग्नलचा रंग ओळखणारं मॉडेल एका मुलाने तयार ठेवलंय.

बेअरिंग_अण्णा

परीक्षकांना सांगा की जपानमध्ये १९७७ साली मेलडॉग नावाच्या मार्गदर्शक रोबोचं काम सुरू झालं, तेव्हापासून चाकं फिरवणं हा यातला अवघड भाग कधीच नव्हता. आजूबाजूचं ओळखून दिशा ठरवणारं आणि ती अमलात आणणारं यंत्र म्हणजे रोबोच. मोटर चाकात आहे की आसावर, याला मार्क नसतात.

काठीवाल्या दादांचं चाकाबद्दलचं म्हणणं मान्य. २०० बाय ५० चं हवेचं टायर घ्या. त्याला पंक्चर आहे, वजन वाढेल, हवेप्रमाणे व्यासही बदलेल. पण पेव्हरवर शांत चालतं आणि चार सेंमीची कड सहज चढतं. फूटपाथ मात्र उचलूनच चढावा लागणार. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शिका) म्हणतं फूटपाथ १५० मिमीपेक्षा उंच नसावा, आपल्याकडे काही ठिकाणी गुडघ्याला येतो. पूर्ण यंत्र ५ किलोच्या आत ठेवा म्हणजे एका हाताने उचलता येईल.

बॅटरी : पाय ८ वॉट, कॅमेरा ३, सर्व्हो सरासरी ३, मॅग्नेट ५. एकूण १९-२० वॉट. १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तासाचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक घेतलात आणि ८० टक्केच वापरलात तर तीन तास मिळतील. उन्हात तापलेला पॅक लगेच चार्जिंगला लावू नका, ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. डबा पांढरा रंगवा. पाय ८० अंशांना स्वतःला हळू करायला लागतो, आणि पाय हळू झाला की ब्रेक उशिरा लागतो. मेमध्ये दुपारी चाचणी घेणार असाल तर हे आधी तपासा.

डेप्थ_मॅप

सिग्नलचं मॉडेल बाजूला ठेवा. हिरवा दिसला म्हणून 'चला' म्हणायचं आणि तेवढ्यात डावीकडून दुचाकी सिग्नल तोडून आली तर? निघायचं कधी ते माणूस कानाने ठरवील. रोबोने दुसरं काम करावं, जे तो माणसापेक्षा चांगलं करतो : सरळ रेषा धरणं. रुंद रस्त्यावर भिंत किंवा कडेचा आधार नसला की अंध माणूस नकळत तिरका जातो आणि चौकाच्या मधोमध निघतो. निघताना बटण दाबलं की जायरोची (वळण मोजणाऱ्या सेन्सरची) दिशा पकडून ठेवा आणि आस त्याप्रमाणे दुरुस्त करत राहा. नुसत्या एन्कोडरवर हे करू नका. दोन चाकांच्या व्यासात अर्धा टक्का फरक असला, हवेच्या टायरमध्ये असतोच, तर १० मीटरमध्ये दिशा १० अंश फिरते आणि माणूस जवळजवळ ९० सेंमी बाजूला जातो. जायरो निघण्यापूर्वी दोन सेकंद स्थिर ठेवून शून्य करा. मॅग्नेटिक कंपासच्या नादाला लागू नका, शेजारी इलेक्ट्रोमॅग्नेट आहे!

आणि माणूस ढकलत असतानाही यंत्राने नकार दिला पाहिजे. गाइड डॉगला मुद्दाम हे शिकवतात : मालक 'पुढे' म्हणतोय, पण समोर खड्डा आहे, तर जागचं हलायचं नाही. मात्र नकार मोडायची सोय हवी, नाहीतर एका डबक्यापाशी माणूस अडकून पडेल. काठीने तपासून त्याने बटण दोन सेकंद धरलं की मीटरभरापुरता ब्रेक मोकळा.

चलनवलन_ताई

मी चाचणीचंच बोलते, कारण मुलं इथे घाई करतात.

डोळ्याला पट्टी बांधलेल्या मित्रांवर घेतलेली चाचणी अंध व्यक्तीवरची चाचणी नव्हे. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या स्मार्ट काठीत टोकाला वळवणारं चाक आणि लायडार होता. तिने पांढऱ्या काठीच्या तुलनेत दृष्टिबाधितांची चाल १८ टक्क्यांनी वाढली, पट्टी बांधलेल्या डोळस लोकांची ३५ टक्क्यांनी. पट्टीवाल्याला काठी येत नसते, म्हणून त्याला कुठलंही यंत्र वरदान वाटतं. तुमचा आकडा असाच फुगेल.

क्रम असा ठेवा. पहिले पंधरा दिवस माणूस नाहीच : दांडा ट्रॉलीला बांधा, ट्रॉली डोळस मुलाने ढकलावी. खड्ड्यासाठी खरं गटार शोधू नका. १५ सेंमी उंच प्लायवुडचा मंच करा, त्याच्या कडेकडे वेगवेगळ्या कोनांतून जा. सरळ जाताना सगळे पास होतात. काठाशी २०-३० अंशांचा कोन करून गेल्यावर एक चाक आधी उतरतं, तिथे यंत्र फसतं. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, आणि मंच ओला करून. ओल्या टायरवर अण्णांचा रबरी पॅड घसरतो, तेव्हाचं थांबण्याचं अंतर वेगळं मोजा आणि ०.९ चा आकडा त्यावरून बदला.

किती वेळा? ५० वेळा गेलात आणि एकदाही चुकलं नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चूक ६ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे दर सोळा-सतरा खड्ड्यांत एक पाय आत जाऊ शकतो. एक टक्क्याच्या आत म्हणायला सलग ३०० वेळा बिनचूक लागतं. मध्ये कोड बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. रिपोर्टात तीन आकडे लिहा : चुकवलेले काठ, दर १०० मीटरला खोटे थांबे, आणि दर १०० मीटरला सोबतच्याने किती वेळा हात घातला.

मग अंध व्यक्ती. ज्यांना काठीचं नीट प्रशिक्षण मिळालेलं आहे अशाच, लेखी संमती वाचून दाखवून, प्रशिक्षक पाऊलभर मागे. आधी न चालता दहा मिनिटं यंत्र हाताने चाचपू द्या : चाक कुठे, ब्रेक कसा सुटतो, बंद कसं करायचं. 'थांब' म्हणायचा हक्क त्यांचा, कारण विचारायचं नाही.

मार्गाबद्दल : कॉरिडॉर आणि पार्किंग ते गेट एवढंच या वर्षी करा. मोकळी जागा हवी असेल तर होम मैदान सकाळी चांगलं, पण जानेवारीत गड्ड्याचे (सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेचे) दिवस टाळा, दोर, खुंट्या, वायरी पसरलेल्या असतात. तलावाच्या काठाजवळ जाऊच नका. नवी पेठेत दुकानं उघडायच्या आत एकदा नुसता कॅमेरा फिरवून आणा आणि डेटा घरी बसून तपासा. तिथे दुपारी ९० सेंमीची फट मिळतच नाही, यंत्र दर पावलाला 'वाट नाही' म्हणेल.

पांढरी_काठी

ताई, एक भर. चाचणीत यंत्र बंद पडल्याचाही सराव घ्या. अर्ध्या वाटेत ब्रेक लागून बॅटरी मेली, तर ५ किलोचं अडलेलं यंत्र घेऊन घरी कसं जायचं? हाताने ब्रेक मोकळा करायचा एक खटका हवा, आणि तो मुठीपाशी नको, चुकून दाबला जाईल. खाली आसाजवळ, बोटाला ओळखू येईल असा खाचेचा.

ईएनटीसी_सोलापूर

खटका ड्रॉइंगमध्ये घातला. आसाच्या डाव्या टोकाला, चौथाई फेरा फिरवायचा, उघडा असला की खाच वरच्या बाजूला. फूटप्रिंट बदलून काल कॉरिडॉरमध्ये नुसत्या सिम्युलेशनवर चालवून बघितलं : लॅबच्या एका दाराची झडप बंद असली की रोबो 'वाट नाही' म्हणतो. दार मोजलं, एका झडपेला ८२ सेंमी आहे.

डेप्थ_मॅप

दारापुरता माणसाने रोबोच्या मागे यायचं, शेजारी नाही. 'अरुंद' असा पाचवा इशारा लागेल, दादांची हरकत नसेल तर. त्या इशाऱ्यानंतर फूटप्रिंट बदला : डावीकडे ०.३, उजवीकडे ०.३, मागे १.१. दार ओलांडून मीटरभर गेल्यावर परत जुना.

पांढरी_काठी

हरकत नाही. डोळस माणसाचा हात धरून चालताना तो अरुंद जागी कोपर पाठीमागे नेतो, तीच खूण आहे ही. दांडा पाठीमागे सरकवता येईल असा मुठीला सांधा द्या, म्हणजे पाचवं कंपन वेगळं शिकावं लागणार नाही.